१२५ प्रूफची बर्बन पहिल्यांदा चाखताना

दाजी गेल्या उन्हाळ्यात कोल्हापूरहून आमच्याकडे अमेरिकेत, केंटकीतल्या लुईव्हिलला आले होते. पहिल्याच संध्याकाळी त्यांनी कपाटातली एक बाटली उचलली, चष्मा कपाळावर सरकवून लेबल वाचलं आणि म्हणाले, "१२५? शंभराच्या वर दारू असते व्हय रे?" मी सांगायला तोंड उघडेपर्यंत त्यांनी सवयीने साठचा पेग भरला होता आणि मोठा घोट घेतलाही होता. पुढची दोन मिनिटं नुसता ठसका, डोळ्यांत पाणी आणि पाठीवर ताईचे धपाटे. मग निकाल लागला: "रॉकेल हाय."

दाजी तसे पक्के खवय्ये. तांबड्या रश्श्यात खोबरं जास्त झालंय की तीळ, हे एका भुरक्यात सांगतात. तोच माणूस इथे अडकला, कारण आपल्याकडच्या व्हिस्कीचा जेवढा घोट घेतात तेवढाच त्यांनी हिचा घेतला. चौथ्या दिवशी आम्ही परत बसलो, या वेळी नीट. त्या दिवशी जे केलं तेच इथे क्रमाने लिहितो. व्हिस्की पिण्याची सवय आहे पण बर्बन, म्हणजे मुख्यतः मक्याची अमेरिकन व्हिस्की, नवी आहे, किंवा अमेरिकेहून कुणी तरी जड प्रूफची बाटली आणून दिलीय आणि ती उघडायचं धाडस होत नाही, अशांसाठी.

आधी आकड्याचा घोळ मिटवा

अमेरिकेत प्रूफ म्हणजे अल्कोहोलच्या टक्क्यांची सरळ दुप्पट. १२५ प्रूफ म्हणजे ६२.५ टक्के, १०० प्रूफ म्हणजे ५०. भारतात मिळणाऱ्या बाटलीवर "४२.८% व्ही/व्ही" आणि शेजारी "७५ डिग्री प्रूफ" छापलेलं तुम्ही पाहिलं असेल. ते जुनं ब्रिटिश माप. त्यात ५७.१ टक्क्यांना १०० धरतात. दारूत भिजवलेली बंदुकीची पूड पेटली तर ती पुऱ्या ताकदीची, अशी त्यामागची गोष्ट सांगतात. तेव्हा अमेरिकन आकडा आणि आपला आकडा शेजारी ठेवून तुलना करू नका. टक्केवारी बघा, गोंधळ होणार नाही.

मग ६२.५ टक्के हे येतं कुठून? बर्बनचे नियम कडक आहेत. धान्यात मका किमान ५१ टक्के हवा. भट्टीतून निघताना दारू ८० टक्क्यांच्या वर जाता कामा नये, पिंपात भरताना ६२.५ च्या वर नको आणि बाटलीत भरताना ४० च्या खाली नको. पिंप ओकचं, कोरं आणि आतून जाळून कोळसा केलेलं असलं पाहिजे. पाण्याखेरीज वरून काही घालायचं नाही, रंगसुद्धा नाही. आणि हे सगळं अमेरिकेतच झालं पाहिजे. १९६४ साली अमेरिकन काँग्रेसने बर्बन हे या देशाचं खास उत्पादन असल्याचा ठरावच केला. (बिस्किटाचा विषय काढू नका. दाजींनी काढला होता.)

पिंप दर वेळी कोरं लागतं, म्हणून वापरलेली पिंपं जगभर विकली जातात. त्यातली काही गोव्यात कुंकळ्ळीलाही पोचतात, पॉल जॉनची सिंगल माल्ट त्यांतच मुरते. त्या व्हिस्कीत जो व्हॅनिलाचा गोडवा लागतो तो बर्बनने पिंपात मागे ठेवलेला आहे. मूळ मालकाकडे तो किती असेल याचा अंदाज त्यावरून करा.

आता गंमत अशी की केंटकीत पिंपातली दारू वर्षागणिक हलकी होण्याऐवजी बऱ्याचदा जड होते. इथली गोदामं सहा-सात मजली, आणि उन्हाळ्यात वरचे मजले पत्र्याच्या खोलीसारखे तापतात. कोरड्या उष्णतेत पिंपाच्या लाकडातून अल्कोहोलपेक्षा पाणी जास्त उडून जातं. ६२.५ वर भरलेली दारू मग ६५-६६ वर निघते, क्वचित ७० सुद्धा ओलांडते. स्कॉटलंडच्या थंड, दमट हवेत याच्या उलट होतं. तळमजल्यावरचं पिंप आणि वरच्या मजल्यावरचं पिंप एकाच दिवशी भरलेलं असलं तरी दहा वर्षांनी त्यांची चव सख्ख्या भावांइतकीही जुळत नाही.

नेहमीच्या बाटलीत कंपनी पाणी घालून हे सगळं ४०-४५ वर आणते. लेबलवर "बॅरल प्रूफ" असेल तर पिंपातून निघाली जवळपास तशीच ती बाटलीत आलेली असते. नियमाने दोन प्रूफपेक्षा जास्त उतरवता येत नाही. म्हणजे पाणी किती घालायचं हा निर्णय कंपनीने तुमच्यावर सोडलाय. ही बाटली कच्चीच प्यायची असते, असा एक मर्दानी समज आहे. तो डोक्यातून काढून टाका. या दारूचा निम्मा आनंद पाण्यात आहे.

कोणती बाटली

एकदम ६५ टक्क्यांवर उडी मारू नका. आधी ५० च्या आसपासची एखादी घ्या. लेबलवर "बॉटल्ड इन बाँड" लिहिलेलं असेल तर ती नेमकी ५० टक्के असते. १८९७ च्या कायद्यानुसार तीत एकाच डिस्टिलरीचा, एकाच हंगामातला आणि किमान चार वर्षं मुरलेला माल असतो. स्वस्तात मिळणारी ही उत्तम हमी आहे. वाइल्ड टर्की १०१ ही ५०.५ टक्क्यांचीही चालेल. तिच्याशी ओळख झाली की मग ५७-६० टक्क्यांकडे वळा, आणि त्यानंतर एलायजा क्रेग बॅरल प्रूफ किंवा बुकर्स. एलायजा क्रेगच्या लेबलवरची खूण वाचायला सोपी आहे. अक्षर म्हणजे त्या वर्षातली कितवी खेप, मग महिना, मग साल. ए१२४ म्हणजे २०२४ ची पहिली, जानेवारीतली. या बाटल्यांचं प्रूफ प्रत्येक खेपेला बदलतं, त्यामुळे मित्राने गेल्या वर्षी केलेली स्तुती तुमच्या बाटलीला जशीच्या तशी लागू होईलच असं नाही.

चौथ्या दिवशी आम्ही ती १२५ ची बाजूला ठेवून घेतली होती वाइल्ड टर्कीची रेअर ब्रीड. ११६.८ प्रूफ, म्हणजे ५८.४ टक्के. वाइल्ड टर्कीची डिस्टिलरी लॉरेन्सबर्गला, आमच्या घरापासून तासाभरावर. तिथले जिमी रसेल १९५४ साली कामाला लागले आणि पुढची सत्तर वर्षं त्याच डिस्टिलरीत राहिले. इथले लोक त्यांचं नाव आपण एखाद्या बुजुर्ग गवयाचं घेतो तसं घेतात. ही डिस्टिलरी पिंपात दारू ११५ प्रूफवरच भरते, १२५ च्या मुभेपर्यंत जात नाही. म्हणून बाटलीत येताना ती फार पातळ करावीच लागत नाही.

दुर्मीळ, रांगा लावून मिळणाऱ्या बाटल्यांच्या मागे नवशिक्याने लागू नये. चव ओळखायला शिकण्याआधी चौपट पैसे मोजले तर चव चाखली जात नाही, किंमत चाखली जाते. भारतात फेब्रुवारी २०२५ मध्ये बर्बनवरचं आयात शुल्क १५० वरून १०० टक्क्यांवर आलं, तरी दुकानात ती महागच पडते. अमेरिकेहून येणाऱ्याला सांगणार असाल तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. भारतात माणशी दोन लिटरपर्यंत शुल्क लागत नाही. आणि ७० टक्क्यांच्या वरची बाटली विमानात चालतच नाही, बॅगेज म्हणून टाकलेल्या बॅगेतही नाही. म्हणून इथले शौकीन असल्या बाटल्यांना "हॅझमॅट" म्हणतात, घातक रसायन या अर्थाने.

बसण्याआधी

पोट रिकामं नको आणि जिभेवर ठेचाही नको. जेवून तास-दीड तास झालेला बरा. लसूण, फरसाण, कॉफी, टूथपेस्ट, पान, सगळं लांब. स्वयंपाकघरात फोडणी बसत असेल किंवा देवघरात उदबत्ती पेटली असेल तर बाल्कनी गाठा. अत्तर लावून आलेल्या पाहुण्याला शेवटच्या खुर्चीवर बसवा.

ग्लास हवा पोटात फुगीर आणि तोंडाशी निमुळता. ग्लेनकेर्न नावाचा व्हिस्की चाखायचा खास ग्लास मिळाला तर उत्तम, नाहीतर वाइनचा छोटा ग्लास घ्या. आपला नेहमीचा जाड बुडाचा, रुंद तोंडाचा व्हिस्कीचा ग्लास बर्फासाठी ठीक, पण त्यातला वास पसरून जातो. कटिंग चहाच्या ग्लासात प्रयोग करून पाहिला आहे. दिसतो छान, उपयोग शून्य.

बाकी सामान साधं. पिण्याचं पाणी (बोअरचं जड पाणी नको), पोळीचा किंवा साध्या पावाचा तुकडा, वही, पेन, आणि औषधाच्या दुकानात मिळते ती पाच मिलिलिटरची सिरिंज, सुईशिवाय. ही सिरिंज मला वाटतं सगळ्यात महत्त्वाची. का, ते पुढे येईल. मेणबत्ती लावून वातावरणनिर्मिती करू नका. एवढ्या जड दारूची वाफ घरातल्या तापमानालाही ज्योतीने पेट घेऊ शकते.

किती ओतायची? १५ मिलि. पुन्हा सांगतो, पंधरा. ५८.४ टक्क्यांचे ३० मिलि म्हणजे आपल्याकडच्या ४२.८ वाल्या व्हिस्कीचे जवळजवळ ४१ मिलि झाले. "लहान" म्हणून भरलेला पेग इथे लहान राहत नाही. दोन ग्लासांत १५-१५ मिलि भरा, एक कोरा ठेवायला आणि एक पाण्यासाठी. संध्याकाळचा कोटा तेवढाच. त्यानंतर गाडीची किल्ली दुसऱ्याकडे. महाराष्ट्रात यासाठी वय २५ आणि परवाना लागतो, गोव्यात वय २१, अमेरिकेतही २१.

ओतल्यावर दहा-पंधरा मिनिटं ग्लासांना हात लावू नका. वरचा तिखट वाफारा तेवढ्यात ओसरतो. दाजींना हा भाग सगळ्यात अवघड गेला.

रंग

यावर फार वेळ घालवू नका. वरून रंग घालायला बंदी असल्यामुळे जो दिसतो तो पिंपाचा. गडद तांबूस असेल तर वय, उष्णता किंवा पाणी कमी घातल्याची ती खूण. ग्लास तिरपा करून सरळ केला की काचेवरून सावकाश ओघळ उतरतात, त्यावरून ताकद कळते. ती लेबलवर छापलेली आहेच.

वास: इथे थांबा

चढ्या प्रूफची दारू निम्म्याहून जास्त नाकानेच कळते, आणि नवखे नेमके इथेच घाई करतात. वाइनसारखा ग्लास गरागरा फिरवू नका, त्याने अल्कोहोलचा लोट वर येतो आणि नाक बधिर होतं. ग्लास आधी हनुवटीपाशी धरा. तोंड किंचित उघडं ठेवा, म्हणजे नाकाबरोबर तोंडानेही हवा आत जाते आणि झणका कमी बसतो. लहान, हलके श्वास. फुलाचा वास घेतो तसा दीर्घ श्वास इथे घेतलात तर पाच मिनिटं काही कळणार नाही.

काही जाणवेना झालं की ग्लास बाजूला ठेवा आणि स्वतःच्या कोपराच्या आतल्या बाजूचा वास घ्या. वेडेपणा वाटेल, पण नाक आपल्या अंगाच्या वासाला सरावलेलं असतं, त्यामुळे ते पुन्हा शून्यावर येतं. मग ग्लास ओठांपर्यंत आणा. काठाच्या वरच्या बाजूला एक वास असतो, खालच्या बाजूला दुसरा. एका नाकपुडीने, मग दुसरीने. चार-पाच फेऱ्या होऊ द्या.

काय शोधायचं? इंग्रजी चाखणाऱ्यांच्या याद्या पाठ करू नका. त्यांच्या आजीने केलेला पेकन पाय (सुक्यामेव्याचा अमेरिकन गोड पदार्थ) तुम्ही खाल्लेला नाही. तुमच्याकडे तुमचा साठा आहे. कस्टर्ड पावडरचा डबा उघडल्यावर येतो तो व्हॅनिला. जळलेल्या ओकमधून तो उतरतो. साखर करपवताना, काकवी आटताना, चिक्कीचा पाक उतरवताना येतो तो गोडवाही लाकूड जाळल्यामुळे आलेला. सुकं खोबरं ओकमधलंच, लवंगही. पिकलेलं केळं यीस्टचं काम. भाजलेलं कणीस, मक्याची भाकरी हे धान्याचं, आणि कोवळ्या दारूत ते ठळक असतं. मक्याच्या जोडीला राय हे धान्य जास्त असेल तर मिरी, बडीशेप, पुदिना असं काही तरी चुरचुरतं. रायच्या जागी गहू असेल, मेकर्स मार्कमध्ये असतो तसा, तर सगळं मऊ आणि पावासारखं. जुन्या दारूत नवी कोल्हापुरी चप्पल, तंबाखूचं पान, जुनं शिसवी कपाट.

दाजींनी दुसऱ्या फेरीत ग्लास खाली ठेवला आणि म्हणाले, "शेंगदाणा चिक्की." मग थोडं थांबून, "लोणावळ्याची नव्हे, घरची. थोडी करपलेली." मी गेली सहा वर्षं त्या वासाला नुसतं "कॅरमेल" लिहीत होतो.

नेलपॉलिश काढायच्या औषधासारखा वास येत राहिला आणि पंधरा मिनिटांनीही गेला नाही, तर ती खोट समजा. थोडासा, आणि जाणारा असेल तर सोडून द्या.

पहिला घोट मोजू नका

पहिला घोट हा घोटच नसतो. चहाच्या चमच्याचं टोक भिजेल एवढाच. तो जिभेवर पसरवा, गिळा, आणि त्यावरून काहीही ठरवू नका. जीभ त्या वेळी फक्त भाजल्याची बातमी देत असते. ही नुसती उपमा नाही. मिरचीतलं तिखट आपल्याला ज्या ग्राहीमुळे जाणवतं, अल्कोहोलही त्यालाच छेडतं. म्हणूनच मिरची खाणाऱ्या माणसाला इथे सराव लवकर होत असावा. ठेच्यात लवंगी मिरची आहे म्हणून तुम्ही त्यातला लसूण आणि दाण्याचं कूट ओळखायचं सोडता का? तेच कसब इथे लावायचं.

मिनिटभराने दुसरा घोट, अर्धा चमचा. हा तोंडात फिरवा. बुकर्स ही बर्बन ज्यांच्या नावाने आहे ते बुकर नो हे गृहस्थ, घास चावावा तसा दारूचा घोट चावायचे. इथे त्याला "केंटकी च्यू" असंच म्हणतात. टाळू, गाल, जिभेखाली, सगळीकडे पोचू द्या. पाच-सहा सेकंदं पुरे, त्याहून जास्त ठेवलात तर जिभेची साल निघाल्यासारखं होतं. गिळल्यावर तोंड मिटून नाकाने श्वास सोडा. निम्मी चव या उच्छ्वासात सापडते.

तीन टप्प्यांकडे लक्ष द्या. जिभेच्या टोकाशी आधी काय आलं? बहुतेक गोडवा. मध्ये काय झालं? चांगल्या दारूत इथे काही तरी उलगडतं: फळ, मसाला, भाजलेलं दाणं. वाईट दारूत गोड आणि झोंबणं यांच्यामध्ये पोकळी असते. आणि शेवटी काय उरलं? कात किंवा कच्च्या जांभळासारखा तुरटपणा लाकडाचा. थोडा असला तर गोडव्याला आवर घालतो. गिळल्यानंतर गाल आत ओढले जाण्याइतका असेल तर ती दारू पिंपात जरा जास्तच दिवस बसली. वय जास्त म्हणजे उत्तम, हा हिशेब बर्बनला लागू नाही. कोरं पिंप, वर उष्णता. बारा वर्षांनंतर लाकूड चढायला लागलेल्या कितीतरी बाटल्या निघतात.

छातीत एक ऊब उतरते. तिला "केंटकी हग" म्हणतात. मिठीच ती, घशाची भाजणी नाही. ऊब छातीत आणि खाली जाणवली तर छान. नरड्यातच अडकून बसली तर वहीत तसं लिहा.

पाणी आणि सिरिंज

आता दुसरा ग्लास. डोळ्यांनी "थोडंसं" पाणी घालणं आणि मोजून घालणं यात काय फरक पडतो ते एकदा करून बघा, मग अंदाजाने घालणार नाही.

हिशेब शाळेतला आहे. दारूचे मिलिलिटर गुणिले तिची टक्केवारी, भागिले हवी ती टक्केवारी. येईल ते एकूण माप. त्यातून आधीची दारू वजा केली की पाणी निघालं. आमच्या ग्लासात १५ मिलि, ५८.४ टक्के. ५० वर आणायची तर एकूण १७.५, म्हणजे पाणी अडीच मिलि. ४५ वर न्यायची तर आणखी दोन. एवढाच खेळ. १५ मिलिमध्ये नळाखाली ग्लास धरून "थोडं" घातलंत तर एका फटक्यात ३० टक्क्यांवर जाल, आणि मग दोष दारूला द्याल.

एकदम घालू नका. एक मिलि घाला, दोन मिनिटं थांबा, वास घ्या, थेंबभर चाखा. पुन्हा एक. प्रत्येक थांब्याला कोऱ्या ग्लासाकडे परत जाऊन नाक लावा, त्याशिवाय काय बदललं ते कळत नाही. पाण्याने दारू नुसती सौम्य होत नाही, तिची मांडणी बदलते. २०१७ मध्ये स्वीडनच्या दोन संशोधकांनी संगणकावर रेणूंची हालचाल मांडून दाखवलं होतं, की अल्कोहोल ४५ टक्क्यांपर्यंत उतरलं की ग्वायाकोल हा धुराच्या चवीचा रेणू द्रवाच्या पृष्ठभागाशी राहतो, आणि ५९ च्या वर तो अल्कोहोलमध्ये गुरफटून आत दडतो. सगळे वास असेच वागतात असं नाही, पण पाणी घातल्यावर नाकाला नवं काही सापडतं यामागे नुसता भास नाही.

दाजींच्या ग्लासात पहिल्या मिलिलिटरला चिक्की तशीच राहिली, झोंबणं कमी झालं. ५० च्या आसपास संत्र्याची साल आली, आणि तिच्यामागे जायफळ. मला वाटतं रेअर ब्रीडची खरी जागा तिथे आहे. ४५ ला गोडवा सुटा पडला आणि मधली चव विरली. दाजींना मात्र ४५ च आवडली. वाद घातला, सुटला नाही. प्रत्येक बाटलीचा आणि प्रत्येक जिभेचा हा आकडा वेगळा असतो, आणि तो शोधून वहीत लिहिणं हेच खरं काम. पुढच्या वेळी ती बाटली उघडाल तेव्हा थेट तिथूनच सुरुवात करता येते.

पाण्याने दारू किंचित गढुळली तर घाबरू नका. पिंपातून आलेली तेलकट द्रव्यं कमी अल्कोहोलमध्ये विरघळून राहत नाहीत, ती दिसू लागतात. गार करून गाळलेल्या दारूत ती आधीच काढून टाकलेली असतात. मला स्वतःला न गाळलेली आवडते, जिभेवर साय असल्यासारखी बसते.

बर्फ? शेवटी, चाखून झाल्यावर, खुशाल. बर्फाने वास मिटतो आणि तुरटपणा पुढे येतो, म्हणून मूल्यमापनात तो नको. सोडा आणि कोला यांवर माझं काही म्हणणं नाही, फक्त त्यासाठी स्वस्त बाटली वापरा.

मग चांगली की वाईट?

शंभरपैकी गुण देण्याची पद्धत आहे. ९१ आणि ९२ मधला फरक मला आजवर कळलेला नाही, म्हणून मी देत नाही. त्याऐवजी एकच गोष्ट आधी बघतो: दारू मुरली आहे का. लोणचं घातल्यावर चार दिवसांनी खाल्लं तर मीठ वेगळं, तिखट वेगळं, कैरी वेगळी लागते. मुरलेल्या लोणच्यात तिखट तेवढंच असतं, पण कुठून सुरू झालं ते सांगता येत नाही. चांगली ६२ टक्क्यांची बर्बन तशी लागते. आकडा माहीत नसता तर ५५ म्हणाला असतात. वाईट दारू ४६ टक्क्यांचीही स्पिरिटसारखी वर तरंगते.

त्यानंतरचे प्रश्न बारीक आहेत. वासात जे कबूल केलं ते तोंडात मिळालं का? चव किती वेळ रेंगाळली? घड्याळ लावून बघा. अर्ध्या मिनिटात संपली तर साधारण, दोन मिनिटांनी अजून काही तरी सापडत असेल तर उत्तम. शेवटची चव पहिल्यासारखीच आहे की बदलत गेली? पाणी सहन केलं का, की दोन मिलित कोसळली? आणि याच किमतीत कपाटातली कोणती बाटली तुम्ही आधी उचलाल?

या शेवटच्या प्रश्नाचं प्रामाणिक उत्तर हवं असेल तर नाव झाकून चाखा. घरातल्या कुणाला तरी तीन ग्लासांखाली चिठ्ठ्या चिकटवायला सांगा. तिन्ही एकाच ताकदीवर आणा, सिरिंज आहेच. नाहीतर जड दारू हलकीला नेहमीच हरवते, गोंगाट करणारा माणूस बैठकीत हुशार वाटतो तसं. मी असं पहिल्यांदा केलं तेव्हा माझी सगळ्यात महाग बाटली तिसरी आली. दोनदा.

नुकती उघडलेली बाटली पहिल्या दिवशी कधी कधी आखडलेली असते. निकाल राखून ठेवा, दोन आठवड्यांनी परत बसा. बाटली उभीच ठेवा. वाइनसारखी आडवी केलीत तर एवढं अल्कोहोल बूच खाऊन टाकतं. उन्हापासूनही दूर. तळाला चतुर्थांश उरली की छोट्या बाटलीत काढा किंवा मित्रांना बोलवा.

आणि ग्लास त्या रात्री धुऊ नका. अल्कोहोल उडून गेलं की काचेला जे चिकटून राहतं त्यात झोंबणं अजिबात नसतं, फक्त लाकूड आणि साखर. सकाळी नाक ताजं असताना त्याचा वास घ्या आणि वहीतली नोंद पूर्ण करा.

त्या सकाळी मी उठायच्या आत आई ओट्यापाशी होती. दारूचं तिला वावडं, बाटल्यांच्या कपाटाकडे ती बघतही नाही. हातात कोरा ग्लास धरून तिने मला विचारलं, "काकवी कुठं मिळाली रे तुला इथं?"

मी वही काढली आणि "संत्र्याची साल, जायफळ" याच्या पुढे काकवी लिहून घेतलं. ग्लास तिने घासायला घेतला होता.